औंधचे अप्पासाहेब पंत : संस्थानी कारभारातून राजदूतपदाकडे

देश स्वतंत्र झाला तेव्हा परदेशांत पाठविण्यासाठी भारताला माणसे हवी होती आणि ती पुरेशी तयार नव्हती. परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांनी आपल्या हाती ठेवला असल्याने त्या कामाचा अनुभव असलेले भारतीय मोजकेच होते. काही सनदी अधिकारी, काही सैन्यातील, काही राजघराण्यांतील आणि काही थेट राजकारणातील अशी संमिश्र मंडळी जमवून पंडित नेहरूंनी परराष्ट्र सेवेची पहिली फळी उभी केली. राजकारणातून मुत्सद्देगिरीकडे गेलेल्यांत महाराष्ट्रातील तीन नावे ठळक आहेत. लोकनायक बापूजी अणे स्वातंत्र्यापूर्वीच, १९४३ ते १९४७ या काळात, सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर बाळासाहेब खेर १९५२ ते १९५४ अशी दोन वर्षे लंडनमध्ये उच्चायुक्त होते. या दोघांच्या चरित्रात परदेशातील कामगिरी हे एक प्रकरण आहे. तिसरे नाव औंध संस्थानच्या अप्पासाहेब पंत यांचे. त्यांच्या बाबतीत मात्र ते प्रकरणच पुढे चरित्र झाले. १९४८ ते १९७५ अशी सत्तावीस वर्षे ते भारताचे प्रतिनिधी म्हणून आफ्रिका, आशिया आणि युरोपात वावरले.

त्यांच्या मुत्सद्देगिरीची चर्चा बहुधा नैरोबीपासून सुरू होते. ती औंधपासून सुरू करावयास हवी, कारण नैरोबीत त्यांनी जे केले आणि ज्यामुळे त्यांना तेथून हलावे लागले, त्याचे मूळ औंधात आहे.

राजाने सोडलेले राज्य

सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी औंध वसले आहे. मराठेशाहीतील पंतप्रतिनिधींचे हे घराणे. संस्थान लहान आणि तेही विखुरलेले. बहात्तर गावे, सुमारे पाचशे चौरस मैल मुलूख आणि पाऊण लाखाच्या घरातील लोकवस्ती. आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे मधल्या इंग्रजी आणि इतर संस्थानी मुलुखांनी तोडलेले होते.

१९०९ मध्ये गादीवर आलेले राजे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे वेगळ्याच धाटणीचे गृहस्थ होते. स्वतः चित्रकार, कीर्तनाची आवड असलेले आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडलजवळची माळजमीन याच संस्थानाने दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना औंधने आश्रय दिला. पांडुरंग साने नावाचा कोकणातील एक गरीब विद्यार्थी शिक्षणासाठी काही काळ येथे राहिला. तो पुढे साने गुरुजी म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाला. ग. दि. माडगूळकरही औंधच्याच शाळेत शिकले.

या राजांचे चिरंजीव अप्पासाहेब यांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ चा. ऑक्सफर्डचे शिक्षण आणि लंडनची बॅरिस्टरी आटोपून तिशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते परतले. संस्थानांत त्या वेळी प्रजा परिषदांच्या चळवळींचा जोर होता. राजकोटपासून म्हैसूरपर्यंत प्रजा हक्क मागत होती आणि बहुतेक राजे ते नाकारीत होते. औंधात उलटे घडले. म्हैसूर संस्थानच्या वीज कारखान्यात काम करणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन या सुमारास गांधीजींच्या विचारांनी भारावले होते. अप्पासाहेबांशी त्यांचा स्नेह जुळला आणि राजाने आपण होऊन सत्ता प्रजेच्या स्वाधीन करावी, अशी कल्पना पुढे आली. १९३८ च्या अखेरीस राजेसाहेबांनी तशी घोषणा केली. नंतर अप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा ठरला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली.

घटनेचा पाया गाव हा होता. गावकऱ्यांनी पाच जणांची पंचायत निवडावयाची, पंचायतींच्या अध्यक्षांतून तालुक्याची समिती आणि तालुक्यांतून संस्थानचे विधिमंडळ, अशी ती खालून वर जाणारी उतरंड. किरकोळ दिवाणी-फौजदारी तंटे गावातच मिटावेत, महसुलाचा मोठा वाटा गावाकडे परत यावा आणि शाळा, रस्ते, विहिरी यांचा निर्णय गावाने घ्यावा, अशी रचना होती. राजाचा खर्चही बांधून दिला गेला. अप्पासाहेब या नव्या कारभारात मंत्री होते आणि पुढे संस्थानचे मुख्य प्रधान झाले. ते गादीचे वारस नव्हते. सत्ता सोडण्याचा आग्रह धरणाऱ्याला ती मिळणारच नव्हती, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वडिलांनी ती सोडली त्यांच्या हाती ती तीस वर्षे होती, हेही विसरता येत नाही.

याच काळात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांना भिंतीविना, शेती करीत आणि कुटुंबासह ठेवण्याचा हा प्रयोग. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटामागे स्वतंत्रपूरच होते आणि त्याची कथा औंधच्या मातीतल्याच माडगूळकरांची. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना इंग्रजी हद्दीत पोलीस शोधीत असताना औंधची हद्द त्यांना आसरा देत राहिली. कुंडल तर त्या चळवळीचे केंद्रच होते.

प्रयोग नऊ वर्षे चालला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर औंध मुंबई राज्यात विलीन झाले. लोकांनी निवडलेल्या पंचायतींचा तो डोलारा विलीनीकरणात विरून गेला आणि त्या गावांवर इतर मुंबई राज्यासारखाच मामलेदारी कारभार आला. महाराष्ट्रात पंचायत राज्य यायला त्यानंतर चौदा वर्षे लागली. औंधसारख्या चिमुकल्या संस्थानात जे साधले ते मोठ्या प्रदेशात साधले असते काय, याचे उत्तर त्या नऊ वर्षांतून मिळत नाही. मात्र छत्तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अप्पासाहेबांच्या हाताखालचे राज्य गेले तेव्हा त्यांच्यापाशी एक दुर्मीळ अनुभव जमा होता. सत्ताधाऱ्याने राजीखुशीने सत्ता सोडली तर काय होते, हे त्यांनी आतून पाहिले होते. नेहरूंनी त्याच वर्षी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून पाठविले.

नैरोबी : पाहुण्याची मर्यादा

केनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार हा सारा प्रदेश तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होता. तेथे हिंदी लोकांची मोठी वस्ती होती. १८९६ पासून मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर हा रेल्वेमार्ग बांधण्यासाठी तीस हजारांहून अधिक मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले होते. त्यांतील काही राहिले. त्यांच्यामागून गुजराती व्यापारी गेले, कचेऱ्यांतून गोवेकर कारकून बसले. वर गोरा, खाली आफ्रिकन आणि मध्ये हिंदी अशी तेथील समाजाची रचना होती. हिंदी माणसाला गोऱ्याच्या वस्तीत घर मिळत नसे, पण आफ्रिकन नोकर त्याच्या घरी असे.

नव्या भारत सरकारचा प्रतिनिधी आपले गाऱ्हाणे मांडील, असे या मंडळींना वाटत होते. नेहरूंची भूमिका निराळी होती. आफ्रिका आफ्रिकनांची आहे, हिंदी लोकांनी तेथे खास हक्क मागू नयेत आणि स्थानिक लोकांच्या आकांक्षांआड येऊ नये, असे ते उघडपणे सांगत. ही भूमिका दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला समजावून सांगण्याचे काम अप्पासाहेबांकडे आले. ते सोपे नव्हते आणि सर्वांना पटलेही नाही. तरी आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्याचे धोरण त्यांनी नेटाने चालविले. गांधीजींच्या स्मारकासाठी तेथील हिंदी समाजाने उभारलेल्या निधीतून केवळ आपल्याच मुलांची शाळा न काढता सर्व वंशांसाठी उच्च शिक्षणाची संस्था व्हावी, हा विचार रुजला. तो निधी नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजकडे गेला आणि त्या कॉलेजातून पुढे नैरोबी विद्यापीठ आकारास आले.

अप्पासाहेब येथे थांबले असते तर ते कौतुकास पात्र ठरून अन्यत्र गेले असते. पण त्यांचा जोमो केन्याटा आणि पीटर कोइनांगे यांच्यासारख्या आफ्रिकन नेत्यांशी उघड स्नेह होता. आयुक्ताच्या घरी आफ्रिकन माणसे पाहुणे म्हणून येत, बरोबरीने जेवत. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे खुपत होते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ बंडाच्या पार्श्वभूमीवर केनियात आणीबाणी पुकारण्यात आली आणि केन्याटांना अटक झाली. कापेंगुरिया या आडवळणी गावी त्यांच्यावर खटला भरण्यात आला. बचावाच्या फळीचे प्रमुख ब्रिटिश बॅरिस्टर डी. एन. प्रिट होते. त्यांच्यासोबत भारतातून गेलेले खासदार दिवाण चमनलाल होते, तसेच नैरोबीतील हिंदी वकीलही होते. त्यांतील फिट्झ डिसूझा हे गोव्याच्या घराण्यातले तरुण वकील पुढे स्वतंत्र केनियाच्या संसदेचे उपसभापती झाले. केन्याटांना सात वर्षांची शिक्षा झाली. केनिया सरकारची खात्री झाली होती की, भारताचा आयुक्त बंडखोरांच्या बाजूचा आहे. त्यांना परत बोलवावे यासाठी दडपण वाढत गेले आणि १९५४ मध्ये अप्पासाहेबांनी नैरोबी सोडली. त्याच वर्षी भारत सरकारने 'पद्मश्री' हा नवा किताब सुरू केला आणि पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते.

अप्पासाहेबांनी मर्यादा ओलांडली होती काय? मुत्सद्देगिरीच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे, होय. यजमान सरकारच्या विरोधकांशी प्रतिनिधीने इतकी जवळीक ठेवू नये, असा संकेत आहे. परंतु येथे यजमान कोण, हाच प्रश्न होता. नैरोबीतील गव्हर्नर की त्या भूमीचे रहिवासी? औंधात वाढलेल्या माणसाला गादी आणि प्रजा यांत प्रजाच यजमान वाटली, यात नवल नाही. केन्याटा १९६३ मध्ये स्वतंत्र केनियाचे पंतप्रधान व पुढच्या वर्षी अध्यक्ष झाले, तेव्हा नैरोबीतील भारताच्या पहिल्या आयुक्ताचा अंदाज गव्हर्नरपेक्षा खरा ठरला होता.

गंगटोक : हात बांधलेला साक्षी

१९५५ मध्ये ते सिक्कीममध्ये 'पोलिटिकल ऑफिसर' म्हणून गेले. हे पद इंग्रजांच्या काळातले. संस्थानिकांवर नजर ठेवणाऱ्या पोलिटिकल एजंटाच्याच जातीचे. ज्याच्या वडिलांच्या दरबारावर अशा एजंटाचा वचक असे, तो आता सिक्कीमच्या राजाला भारताचा सल्ला ऐकवणार होता! १९४९ च्या तहाने भूतानचे आणि १९५० च्या तहाने सिक्कीमचे परराष्ट्र संबंध भारताशी बांधले गेले होते. त्याखेरीज ल्हासातील भारतीय वकिलात आणि यातुंग, ग्यान्त्से येथील व्यापारी ठाणी यांच्यावरही गंगटोकची देखरेख असे. तिबेटवर चीनचे सैन्य येऊन चार-पाच वर्षे झाली होती. २९ एप्रिल १९५४ च्या कराराने भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले होते, आणि त्याच करारात पंचशील होते.

नैरोबीत अप्पासाहेबांचे मन आणि दिल्लीचे धोरण एका दिशेने जात होते. गंगटोकमध्ये तसे राहिले नाही. बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त दलाई लामा १९५६ च्या नोव्हेंबरात भारतात आले. परतावे की येथेच थांबावे, या द्विधा मनःस्थितीत ते होते. नेहरूंच्या सल्ल्यानुसार ते १९५७ च्या आरंभी परत गेले. जाता जाता १० फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांच्या हस्ते गंगटोकला नामग्याल तिबेटविद्या संस्थेची कोनशिला बसली. तिबेटमध्ये जे टिकणार नाही ते ग्रंथ आणि ती विद्या येथे जपली जावी, या भावनेने उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन पुढील वर्षी नेहरूंनी केले. त्याच वर्षी, १९५७ मध्ये, अप्पासाहेबांनी तिबेटचा दौरा केला आणि जे पाहिले ते दिल्लीला लिहून कळविले.

१९५८ च्या सप्टेंबरात नेहरू भूतानला निघाले तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, यातुंगमार्गे घोड्यावरून आणि पायी हा प्रवास झाला. इंदिरा गांधी सोबत होत्या. पोलिटिकल ऑफिसर म्हणून अप्पासाहेबही या तांड्यात होते. भारताचा पंतप्रधान तिबेटच्या भूमीवरून गेला, तो प्रसंग पुन्हा आला नाही. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. ३१ मार्चला दलाई लामांनी भारताच्या हद्दीत पाऊल टाकले आणि त्यांच्यामागून हजारो निर्वासित हिमालय उतरून आले. त्यांतील अनेक जण सिक्कीममार्गे आले. ज्या देशाबद्दल अप्पासाहेबांनी अहवाल लिहिले होते तो देश आता त्यांच्या दाराशी ब्लँकेट आणि औषधे मागत उभा होता.

या निर्वासितांच्या वसाहती उभ्या करण्याच्या कामी एक जुना स्नेही पुढे आला, तो म्हणजे औंधची घटना घडविणारे मॉरिस फ्रीडमन. मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारे फ्रीडमन ते हेच.

जकार्ता, कैरो, लंडन

१९६१ पासून अप्पासाहेब इंडोनेशियात राजदूत होते. १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जकार्तात आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या. इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश दिला नाही. तेव्हा या स्पर्धांना 'आशियाई' म्हणू नये, असा पवित्रा आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी घेतला. जकार्ता खवळले. जमावाने भारतीय वकिलातीवर चाल करून मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, भारताचा फुटबॉल संघ दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला आणि भारताविरुद्ध ओरडणाऱ्या प्रेक्षकांपुढे त्याने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक जिंकले. वकिलातीच्या फुटलेल्या काचा मात्र राजदूतालाच वेचाव्या लागतात. बांडुंग परिषदेला जेमतेम सात वर्षे झाली होती, आणि पुढच्याच महिन्यात चीनने आक्रमण केले तेव्हा आशियाई बंधुत्वाची भाषा आणखी पोकळ वाटू लागली.

नॉर्वेतील दोन शांत वर्षांनंतर १९६६ मध्ये ते कैरोला गेले. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात इजिप्तचा धुव्वा उडाला आणि गाझात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय जवानही प्राणास मुकले. नासर यांची घनिष्ठ मैत्री हा तेव्हा भारताच्या पश्चिम आशिया धोरणाचा कणा होता. तो वाकलेला पाहणे अप्पासाहेबांच्या वाट्याला आले.

सप्टेंबर १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त झाले. पूर्व आफ्रिकेतून ज्यांनी त्यांना घालविण्याचा आग्रह धरला त्याच सरकारच्या राजधानीत, पंधरा वर्षांनी. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाचा काळ त्यांनी लंडनमध्ये काढला. पाकिस्तानच्या कैदेतून सुटलेले शेख मुजीबुर रहमान ८ जानेवारी १९७२ रोजी प्रथम लंडनलाच उतरले आणि तेथून दिल्लीमार्गे ढाक्याला गेले.

लंडनमधील त्यांच्या मुक्कामाचा शेवट मात्र आफ्रिकेनेच केला. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने देशातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते होण्याचा हुकूम सोडला. यांतील बहुतेक जण हिंदी वंशाचे आणि बऱ्याच जणांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. सुमारे सत्तावीस हजार लोक ब्रिटनमध्ये आले. 'हा देश तुमचा नाही, तुम्ही त्याचे व्हा' असा ज्या धोरणाचा अर्थ होता, ते धोरण १९४८ मध्ये याच लोकांना, त्यांच्या वडिलांना समजावीत अप्पासाहेब कंपालाच्या आणि नैरोबीच्या बाजारांतून हिंडले होते. अनेकांनी ते ऐकले नव्हते, हे खरे. पण ज्यांनी ऐकले, युगांडाचे नागरिकत्व घेतले, त्यांतल्याही कित्येकांचे कागद अमीनच्या अधिकाऱ्यांनी फेटाळले. गोऱ्या गव्हर्नरासंबंधीचा अप्पासाहेबांचा अंदाज खरा ठरला. गव्हर्नर गेल्यानंतर येणाऱ्याविषयी मात्र औंधचा अनुभव काही सांगू शकत नव्हता. तेथे सत्ता सोडणारा आणि घेणारे एकाच गावचे होते.

सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लंडन सोडले. इटलीतील राजदूतपद ही त्यांची अखेरची नेमणूक. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले; त्याच वर्षाच्या मे महिन्यात सिक्कीम भारतात विलीन झाले आणि पोलिटिकल ऑफिसरच्या कचेरीचे प्रयोजन संपले.

त्यांनी विपुल लेखन केले. 'अ मोमेंट इन टाइम' हे आत्मपर पुस्तक १९७४ चे. सूर्यनमस्कारांवरही त्यांनी वडिलांप्रमाणेच पुस्तक लिहिले आणि परदेशी मित्रांना ते नमस्कार करून दाखवीत. राजदूत म्हणून त्यांनी ज्या राजधान्या पाहिल्या त्यांच्याइतकेच, किंबहुना अधिक, ते औंधविषयी लिहीत राहिले. त्या प्रयोगावरील 'अ‍ॅन अनयूज्युअल राजा' हे इंग्रजी पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा नायक लेखक नव्हे, तर लेखकाचे वडील आहेत. ऑक्टोबर १९९२ मध्ये अप्पासाहेबांचे निधन झाले. ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली, ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात.